सुलेखाबाईंचा पहिला खिळा

बांधकाम खात्यात मी चौतीस वर्षं काढली. त्यामुळं कुणाचंही घर पाहायला गेलो की माझं तोंड गप्प बसत नाही. मुलानं बीड बायपासला पन्नास लाखांचा फ्लॅट घेतला, तर पहिल्याच दिवशी मी न्हाणीघराचा उतार चुकलाय हे सांगून सुनेचा विरस केला. पण सुलेखाबाईंच्या भिंतीपुढं माझी बोलती बंद झाली.

सुलेखाबाई आणि त्यांचा नवरा धम्मपाल आमच्या या नव्या इमारतीचे राखणदार. दिवसा दोघं तिथंच बिगारी. इमारत उभी राहीपर्यंत तिच्याच पार्किंगमध्ये पत्र्याच्या आडोशाला राहायचं, फ्लॅटवाले आले की बोचकं उचलायचं. बावीस वर्षांत अशा नऊ इमारती झाल्या. प्रत्येक ठेकेदाराची एक अट ठरलेली, नव्या भिंतीला खिळा मारायचा नाही. म्हणून यांचे कपडे दोरीवर आणि भांडी गोणीत. लग्नात आईनं दिलेला बाबासाहेबांचा फोटोसुद्धा बावीस वर्षं ट्रंकेवर, भिंतीला टेकवून.

या खेपेला पंचाईत झाली. पुढच्या साइटवर ठेकेदाराला फक्त एकटे गडी हवे होते, आणि आमचं पार्किंग गुढीपाडव्याच्या आत मोकळं करायचं होतं. आमच्या भागात एका खोलीचं भाडं म्हणजे धम्मपालचा निम्मा पगार. घरकुलाचा फॉर्म दोनदा भरला, सोडतीत नाव निघालं नाही. हाताशी होता तो बिडकीनच्या वाटेवरचा, भिशी उचलून घेतलेला अर्धा गुंठा. त्यावर खोली बांधायची तर मिस्त्रीची मजुरी परवडत नव्हती.

"मिस्त्री कशाला?" सुलेखाबाई म्हणाल्या. "बावीस वर्सं त्यांच्या हातात इटा देतीय. बघून बघून मला काय येत नाय का?"

मी हसलो, हे कबूल करतो. बाईच्या डोक्यावर घमेलं द्यायचं, हातात थापी द्यायची नाही, हेच मी जन्मभर पाहत आलो होतो.

दिवाळीपासून दर रविवारी दोघं पहिल्या गाडीनं जायचे. धम्मपाल माल कालवायचा, सुलेखाबाई वीट लावायच्या. फाल्गुनात मी मुद्दाम गेलो, खिशात ओळंबा घालून. चूक काढायचीच होती. एका कोपऱ्याला ओळंबा सोडला, मग दुसऱ्या, मग चारही. सूतभर फरक नव्हता. दोरा आणि पातळी धरायला पाण्याची नळी, एवढ्या सामानावर बाईनं हे केलं होतं. मी थक्क होऊन त्या भिंतीवर नुसता हात फिरवत राहिलो. चौतीस वर्षांत अशा किती बाया माझ्यासमोरून घमेली घेऊन गेल्या असतील, या विचारानं मला लाज वाटली.

पाडव्याच्या आदल्या दिवशी त्यांनी बिऱ्हाड हलवलं. मी पेढे घेऊन गेलो, तर भांडी गोणीतच आणि फोटो ट्रंकेवर टेकवलेला.

"आता तरी लावा की वर," मी म्हणालो.

सुलेखाबाईंनी हातोडी घेतली, खिळा भिंतीवर धरला आणि थांबल्या. माझ्याकडं वळून हळूच म्हणाल्या, "साहेब, मारू का?"

"मला काय विचारता? भिंत तुमची."

"व्हय की," त्या म्हणाल्या, आणि हातोडी मारली.

गिलाव्याचा चांगला टवका उडाला. मी काही बोललो नाही.