यंत्र फिरलं म्हणणारे तात्या

कळंबला हायवेच्या कडेला सोपानतात्यांचं मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरून द्यायचं, दुकान होतं. कुणी शेतकरी जळालेली मोटर टेम्पोतून उतरवून आणली, की इतर मेकॅनिक विचारतात, "काय झालं हिला?" तात्या तसं कधीच विचारत नसत. चष्म्यावरून गिऱ्हाइकाकडे बघत ते विचारायचे, "काय केलंस हिला?"

गिऱ्हाईक आधीच वैतागलेलं असायचं. उसाला पाणी द्यायचं सोडून ते इथं आलेलं, त्यात हा प्रश्न. ते म्हणायचं, "आमी काय करनार तात्या? आपोआप जळाली." तात्या मोटर उघडायचे, काळी पडलेली तार बोटानं खरवडायचे आणि त्यांचं ठरलेलं वाक्य फेकायचे, "मोटर जळत न्हाई पावणं, जाळली जाती." मग विजेचा दाब कमी असताना कशी चालवली, पाणी नसताना कशी फिरवली, हे त्याच्याच तोंडून काढून घ्यायचे. चूक कबूल केल्याशिवाय मोटर भरायला घ्यायचे नाहीत. आणि गंमत म्हणजे गिऱ्हाईक पुन्हा त्यांच्याकडेच यायचं, कारण तात्यांनी भरलेली मोटर वर्षानुवर्षं कुरकुरत नसे.

असा हा माणूस. पंचवीस वर्षं यंत्राची वकिली केली. आणि एकदाच, फक्त एकदाच, त्यांनी यंत्रावर खापर फोडलं. त्या एका वेळेपायी मी दोन वर्षं डोकं आपटून घेतलं.

मी निरगुडसरला शाळेत विज्ञान शिकवतो आणि राहतो कळंबला. तात्यांच्या दुकानात एक जुना टीव्ही होता. रविवारी सकाळी त्यावर अंतराळातली एक मालिका लागायची, हिंदीत बोलणारी. एक यान, त्यातली माणसं, आणि त्यांच्यातच वावरणारा माणसासारखा दिसणारा यंत्रमानव. तात्या, मी आणि शेजारच्या मेडिकलमधली मंगल असे आम्ही तिघे तिचे पक्के भक्त. मंगल गिऱ्हाईक आलं की पळायची आणि परत येऊन विचारायची, "कोन मेलं?"

एका रविवारी तो भाग लागला. यानातली हवा गळायला लागली की सगळी दारं लावून घे, असा हुकूम कप्तानानं यंत्रमानवाला देऊन ठेवलेला असतो. पुढं एकदा कप्तानाचा जोडीदार दाराच्या पलीकडे दुरुस्तीला जातो. कप्तान त्याला म्हणतो, जा, काही होत नाही. हवा गळते, यंत्रमानव दार लावतो आणि जोडीदार मरतो. त्यानंतर यंत्रमानव कुणाचंच ऐकत नाही. कप्तानाला खोलीत कोंडतो आणि यान माघारी पृथ्वीकडे वळवतो. भाग तिथंच संपला.

"यंत्र फिरलं," तात्या म्हणाले.

मला वाटलं, चेष्टा करतायत. मी म्हणालो, "तात्या, त्यानं सांगितलेलंच केलं की. हुकूम मागं घ्यायचं कप्तानच विसरला."

"इसरला कशावरनं? त्यानं घेतला आसंल. आतमधी काय बिघाड झाला, तुमाला दिसलं का? यंत्र फिरलं, सर. फिरतं कधी कधी."

मंगल म्हणाली, "आवो तात्या, उद्या गिऱ्हाइकानं हेच सांगितलं तर मोटर भरून द्याल का फुकट?" तात्यांनी टीव्ही बंद केला. मंगलनं माझ्याकडे बघून जीभ चावली. मीही वाद सोडून दिला, कारण तात्या कशाबद्दल बोलत होते ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

त्याच्या सात वर्षं आधीची गोष्ट. तात्या आणि त्यांचा धाकटा भाऊ बबन यांची निरगुडसरला नदीवर मोटर होती. आमच्या भागात लाइट येते तिच्या मर्जीनं, आणि उसात बिबट्या. मोटर चालू करायला अवेळी उसातून कोण जाणार? म्हणून घरोघरी स्टार्टरला 'ऑटो' बसवलेला असतो. लाइट आली की मोटर आपली आपण सुरू. लाइट नसताना मोटरीला हात घालायचा तर आधी तो ऑटो बंद करायचा, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. त्या दिवशी पंपाच्या फिरत्या दांड्यापाशी पाणी गळत होतं. बबन खाली दांड्याभोवतीची, गळती अडवणारी दोरी बदलायला बसला, तात्या वर काठावर स्टार्टरच्या डब्याजवळ. बबननं विचारलं, "ऑटो बंद हाय का?" तात्या म्हणाले, "बंद हाय, घाल हात." बबननं हात घातला आणि लाइट आली.

उजव्या हाताची तीन बोटं गेली. तात्या म्हणाले, मी बटण बंद केलं होतं, ते आतून चिकटलं, डबा बिघडलेला होता. बबननं दवाखान्यात एवढंच विचारलं, "दादा, बघितलं व्हतंस का?" तात्या म्हणाले, "डबा बिघडला व्हता." त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. बबनला जमीन नको होती, भरपाई नको होती. त्याला मोठ्या भावाच्या तोंडून 'नव्हतं बघितलं' एवढंच हवं होतं.

बबन आता माझ्या शाळेसमोर चहाचं दुकान चालवतो. आणि माझ्या दुर्दैवानं तोही ती मालिका बघायचा. सोमवारी मधल्या सुट्टीत मी चहाला गेलो, तर गडी तयारच. "बघितला का सर कालचा भाग? ते यंत्र एक नंबर हाय. सांगितलं तेच केलं त्यानं. खोटा कप्तान हाय." मग जरा थांबून, कपबशी विसळत, "कळंबला काय म्हननं पडलं?"

कळंबला! भावाचं नावही घ्यायचा नाही. रविवारी तात्या विचारायचे, "निरगुडसरला काय बोलनं झालं?" दोन गावंच जणू एकमेकांशी वाद घालत होती आणि मी मधला टपाल्या. मालिका पुढं गेली, कप्तान बदलला, यानसुद्धा बदललं. पण आमची सुई त्या एकाच भागावर अडकलेली. तात्या म्हणायचे, "त्या गाढवाला सांगा, यंत्रातलं त्याला काय कळतंय? चहा उकळ म्हनावं." मी बबनला सांगायचो, "तात्यांचं मत जरा वेगळं आहे." बबन म्हणायचा, "सांगा त्याला, खोटं बोलायला लई शिकलाय." मी तात्यांना सांगायचो, "बबन म्हणतो, पुन्हा एकदा विचार करा." मला वाटायचं, मी आगीवर पाणी टाकतोय. सगळा शहाणपणा आपल्यालाच दिलाय देवानं, असा एक समज मास्तर लोकांत असतो. तो माझ्यातही भरपूर होता.

तात्यांचा मला मनापासून राग यायचा. समोर गिऱ्हाइकाला तासभर उभं करून "जाळलीस, म्हन की" असं दरडावणारा हा माणूस, स्वतःच्या सख्ख्या भावापुढं एक वाक्य बोलत नव्हता. एकदा मी तोंडावर म्हणालो, "तात्या, तुमच्या दुकानात आलेली एक तरी मोटर आपोआप जळालीय का?" ते म्हणाले, "न्हाई." "मग तो डबा?" ते उठले, आत गेले आणि तार गुंडाळत बसले. मी अर्धा तास बाहेर बसून होतो. चहासुद्धा विचारला नाही त्यांनी.

मग एका रविवारी तो भाग पुन्हा दाखवला. मंगल दुकान बंद करून माहेरी गेली होती, म्हणून आम्ही दोघंच. तात्यांनी शेवटपर्यंत बघितला. कप्तान खोलीत एकटा बसलेला, दार बंद. तात्या टीव्हीकडे बघतच म्हणाले, "सर, बबनला एक सांगाल का?"

माझं डोकं फिरलं. दोन वर्षांचं साठलेलं होतं. तरी म्हणालो, "काय?"

"मी डब्याकडं बघितलंच नव्हतं. गिऱ्हाइकाचा फोन चालला व्हता. फोन कानाला लावून तिथनंच वरडलो, बंद हाय म्हनून. डबा चांगला व्हता. मी मागनं उघडून बघितला, सर. पार नवा."

मी काय करायला हवं होतं? त्यांचा हात धरायला हवा होता. मी काय केलं, तर भडकलो. "हे मी सांगणार नाही, तात्या. तुमच्या शिव्या पोचवल्या, टोमणे पोचवले, आता हेही मीच पोचवायचं? वीस मिनिटांचा रस्ता आहे. जा आणि तुमच्या तोंडानं सांगा."

ते रागावले नाहीत. उलट शाळेतल्या पोरासारखी मान हलवली. "बराबर हाय तुमचं. मंगळवारी ओझरला जाऊन गणपतीपुढं नारळ फोडतो, आन बुधवारी जातो बबनकडं."

सोमवारी दुपारी दुकानातच त्यांच्या छातीत कळ आली. मंचरला दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. बबन आला. त्यानं खांदा दिला, त्याच दोन बोटांच्या हातानं तिरडी धरून, आणि तसाच परत गेला.

दहावा झाल्यावर मी त्याच्या दुकानात गेलो. गिऱ्हाईक हटेपर्यंत थांबलो आणि सगळं सांगितलं. फोन, ओरडणं, नवा डबा, जसंच्या तसं, एकही शब्द इकडचा तिकडं न करता.

बबननं ऐकून घेतलं. मग हसला. "सर, तुमी लई भला मानूस. दोन वर्षं बघतोय मी. तो गाढव म्हनायचा, आन तुमी सांगायचा, मत येगळं हाय. मला काय कळत नव्हतं व्हय? मेल्यावर तरी त्याला चांगला करावा म्हनून सांगताय."

"बबन, देवाशपथ खरं आहे."

"आसंल," तो म्हणाला. त्यानं चहा गाळला, कप माझ्यापुढं ठेवला. "पन त्यानं सवता यायला पायजे व्हतं. बोलला नसता तरी चाललं आसतं, सर. नुसता दारात उभा ऱ्हायला आसता, तरी मी समजलो आसतो."

मला तात्यांचा राग येतो, अजूनही येतो. नऊ वर्षं होती त्यांच्याकडे, आणि शेवटी मंगळवार-बुधवार करत बसले. पण त्याहून जास्त चीड माझी मला येते. त्या रविवारी माझी गाडी दुकानाच्या दारातच उभी होती. बसा मागं, एवढंच म्हणायचं होतं.