वहिनीचा घाम

गल्लीत सगळे तिला वहिनीच म्हणत. इस्पितळाच्या धुलाईघरात ओल्या चादरींची बोचकी उचलणारी ही बाई कोणाचंही सिलिंडर जिना चढवून द्यायची आणि वर हसायची! तिच्या डोक्यात एकच खूळ होतं, अग्निशमन दलात जायचं. वयाची अट बघता यंदाची भरती शेवटचीच. म्हणून कित्येक महिने ती पहाटे धावत होती, पाठीवर वाळूची पिशवी घेऊन जिने चढत होती.

आणि झालं भलतंच. सुरुवातीला अर्धी वाट सरल्यावर घाम यायचा, आता दोन गल्ल्या ओलांडल्या की सदरा पाठीला चिकटायचा. वेग वाढला, दम लागेना, पण घाम मात्र लवकर आणि जास्त! सासूबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांचा मुलगा, म्हणजे वहिनीचा नवरा, असाच घामाने निथळत जेवणाच्या टेबलाशी कोसळला होता, तो परत उठलाच नाही. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकूनच पिणार. त्यांनी सुनेचे बूट लपवले, पाण्याची बाटली काढून घेतली, रुसून पाहिलं. वहिनी ऐकते कसली!

चाचणीच्या दिवशी सासूबाई हट्टाने सोबत आल्या. मैदानात उंच मनोरा. खांद्यावर पाण्याच्या पाईपची जाडजूड गुंडाळी घेऊन ठरल्या वेळात वर पोचायचं. आधी अंग मोकळं करायला मैदानाला फेऱ्या झाल्या. बाकीच्या बायका कोरड्या ठणठणीत, आणि वहिनीच्या हनुवटीवरून थेंब गळतायत. ते बघून सासूबाई दोर ओलांडून तडक परीक्षकांपुढे गेल्या. हिला पाठवू नका, ही आजारी आहे, असं त्यांनी चारचौघांत सांगून टाकलं. वहिनीला भयंकर संताप आला. एवढी मेहनत, आणि घरच्याच माणसाने त्यावर पाणी फिरवावं?

परीक्षकांनी तिला रांगेबाहेर काढलं. जीव नुसता टांगणीला! डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी छाती तपासली, रक्तदाब घेतला, चक्कर येते का, छातीत दुखतं का, सगळं खोदून विचारलं. मग त्या सासूबाईंकडे वळल्या.

"आजी, नेमाने व्यायाम केला की शरीर शहाणं होतं. अंग तापायला लागलं की ते लगेच घाम सोडतं, जास्त तापू देत नाही. ही आजारी नाही, तयार झालीये. पाणी तेवढं भरपूर पाजा."

परीक्षकांनी तिला परत रांगेत घेतलं. गुंडाळी खांद्यावर टाकून वहिनी निघाली ती वाऱ्यासारखी! पहिला मजला, दुसरा, खांदा ठणकतोय, पाय मात्र थांबायचं नाव घेत नाहीत. मघाच्या कोरड्या बायकांपैकी दोघी लालबुंद होऊन कठड्याला टेकल्या होत्या, त्यांना ओलांडून ती वर गेली. वरून परीक्षकाने हात हलवला. वेळेत! खाली एकच गलका झाला, आणि वहिनी तिथे वरच नाचायला लागली.

ती खाली आली तेव्हा सासूबाई जागच्या हलल्या नव्हत्या. वहिनीचा राग केव्हाच विरला होता. सासूबाईंनी तिच्या निथळत्या कपाळावर तळहात ठेवला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही.

"घाम गरम आहे गं," त्या म्हणाल्या. "त्याचा गार होता."