गूळपाणी

दुपारच्या एसटीतून एक मुलगी उतरली. पाठीवर भली मोठी सॅक. हाताला काम नाही, गावात ओळख नाही. शहराला विटून या डोंगरातल्या गावात कायमची राहायला आलेली. शेजारच्या काकूंनी तिला ओट्यावर बसवलं आणि रीतीप्रमाणे गूळपाणी दिलं.

"किती मायाळू माणसं आहेत हो इथली!" गुळाचा खडा चघळत ती मला म्हणाली.

तेविसाव्या वर्षी मीही अस्साच आलो होतो आणि हेच बोललो होतो. पोटापुरतं काम पुढं मिळालं. पण गूळ पाहुण्याला देतात, हे कळायला फार वर्षं गेली. घरच्या माणसाला "माठातलं घे की" म्हणतात. माझे केस पिकले, तरी ते वाक्य माझ्या वाट्याला आलेलं नाही. कुणाच्याही दारात गेलो की आधी गूळ येतो.

तिला सांगावंसं वाटलं, परत जा. पण परत म्हणजे कुठं? गेल्या दिवाळीत मी शहरात आईकडे गेलो. वहिनीनं ट्रेमधून पाणी आणलं, तर आई तिला म्हणाली, "अगं, नुसतं पाणी नको देऊ त्याला. काहीतरी गोड आण."