पालथी टोपली

आमच्या तालुक्याच्या गावात उड्डाणपूल झाला आणि भंडाऱ्याहून येणाऱ्या गाड्या डोक्यावरून निघून जायला लागल्या. खाली उरलेला जुना रस्ता वर्षभरात ओळखू येईनासा झाला. सायकली दुरुस्त करणाऱ्याच्या जागी मोबाइलच्या काचा बदलून देणारा आला. धानाच्या गोदामात जिम निघाली. आणि बाबांच्या छापखान्यासमोर, तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, रंगीत फरशा बसवायचं काम सुरू झालं. लोकांनी संध्याकाळी तिथे फिरावं, फोटो काढावेत, अशी योजना होती. अडचण एकच होती. त्या पाळीवर मासे विकणाऱ्या सतरा बाया बसत होत्या.

त्यांना बसस्टँडच्या मागे सिमेंटचे ओटे मिळणार होते. पण नगरपरिषदेच्या सर्व्हेत ज्यांचं नाव येईल त्यांनाच.

बाबा आयुष्यभर पत्रकं छापत आले. विडी कामगारांची, धरणग्रस्तांची, बदली झालेल्या शिक्षकांची. मी वाचायला शिकले ती ‘बंधू-भगिनींनो’ या शब्दावरून. पुढे त्या पत्रकांचा मजकूर मीच लिहायला लागले. योग्य शब्द योग्य कागदावर उतरला की अन्यायाला मागे सरावं लागतं, असं मी मानत आले. अजूनही मानते. म्हणूनच हे लिहिणं जड जातं आहे, कारण यातला अन्याय माझ्या हातून झाला.

ओळीतली नववी जागा मावशीची. नात्याने ती आमची कोणी नाही. छापखान्याच्या नळावर ती पाणी भरायची, तिची विळी आमच्या दाराआड राहायची, एवढंच नातं. पाळीवरची जागा तिला सासूकडून मिळाली. त्याआधी ती डोक्यावर टोपली घेऊन पार एकोडी गावापर्यंत दारोदार फिरायची, आणि त्या फिरण्यात तिचा उजवा गुडघा कायमचा गेला. ओटा मिळाला नाही तर तिला पुन्हा फिरावं लागलं असतं, आणि आता ती छापखान्याच्या दोन पायऱ्यासुद्धा चौकट धरून चढत होती.

सर्व्हेच्या सहा दिवस आधी बपेऱ्याला तिचा मोठा दीर वारला. मावशी तिकडे गेली. जाताना तिने आपली टोपली जागेवर पालथी घातली.

ही त्या ओळीची रीत होती. मी ती दुसरीकडे कुठे पाहिली नाही. जिच्या घरी माणूस गेलं तिने टोपली पालथी घालून जायचं. दहा दिवस त्या जागेवर कोणी बसत नाही, कोणी पाय ठेवत नाही, शेजारणीचं पाणीही तिकडे वाहू द्यायचं नाही. दहावा झाला की ओळीतल्या बाया मिळून टोपली सरळ करतात, आणि मग ती बसते. स्वतःच्या हाताने तिने टोपली उचलायची नसते. लहानपणापासून मी हे पाहत होते आणि मनातल्या मनात त्याला अंधश्रद्धेच्या खात्यात टाकून मोकळी झाले होते.

सर्व्हेवाला सकाळी नऊला आला. हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र, वागायला सभ्य. एकेकीचा फोटो, अंगठा, आधार क्रमांक. तो नवव्या जागेशी पोचला तेव्हा मी छापखान्याच्या दारातून खाली उतरले होते.

“ही रिकामी आहे का?”

“रिकामी कायची? टोपली दिसत नाई का तुमाले?” असं म्हणाली ती मोठी माय. ओळीतली सगळ्यांत वयस्क, पहिल्या जागेवर बसणारी, जिच्या शब्दावर ओळ चालायची.

“बाई कुठे आहे?”

“तिच्या घरी सुतक हाये. चार दिवसांनं येते.”

“हजर असेल तिचीच नोंद होते, माय. यादी आज पाठवायची आहे. माझ्या हातात नाही.”

मी मावशीला फोन लावला. पलीकडे बायांचा आवाज येत होता.

“मी कशी येऊ वो? इथं दिवा लावून बसलो आहो आमी. त्याले म्हण, चार दिवस थांब.”

“तो थांबत नाही मावशी.”

“मंग टोपली दाखव त्याले. समजते त्याले.”

तिने फोन ठेवला. सर्व्हेवाला तोवर टॅबवर बोट टेकवून उभा होता. त्या बोटाखाली ‘रिक्त’ असा शब्द होता, तो मला दिसत होता.

“कोणीतरी बसा ना तिच्या जागी,” मी बायांना म्हटलं. “पाच मिनिटं. नंतर उठा.”

कोणी हललं नाही.

“ते जितं माणूस हाये बाई,” मोठी माय म्हणाली. “तिच्या जाग्यावर बसून तिले मारतं का?”

“तुमच्या या असल्या गोष्टींपायी तिचा ओटा जाईल.”

“असल्या गोष्टी म्हणजे कसल्या? लिहिणारी आहेस तं सांग लिहून.”

दोघीतिघी हसल्या. त्या हसण्याचा मला राग आला, हे कबूल करते. मी पुढे गेले, टोपली उचलून सरळ केली आणि तिच्यामागे जाऊन बसले. टोपली फार हलकी होती. तळाला वाळलेली खवलं चिकटली होती. मरळ सोलणारीची विळी थांबली.

“मी तिच्या वतीने बसले आहे,” मी म्हणाले. “तिचा आधार क्रमांक माझ्याकडे आहे.”

“बसणाऱ्याचाच लागतो, ताई. अंगठा जुळावा लागतो.” तो जरा घुटमळला. “असं करा, तुमच्या नावाने घेऊन ठेवतो. नंतर अर्ज द्या, नाव बदलेल. रिक्त लिहिलं तर मात्र काहीच करता येणार नाही.”

मी अंगठा दिला. फोटो काढताना मागून कोणीतरी म्हणालं, “दोन मासे तं ठेवा म्याडमच्या पुढं.” पण कोणी ठेवले नाहीत.

छापखान्यात परत येऊन मी बाबांना सगळं सांगितलं, लढाई मारून आल्यासारखं. बाबा शाईचे हात चिंधीला पुसत होते.

“ती काय म्हणाली होती?”

“म्हणाली, टोपली दाखव.”

“मग दाखवलीस का?”

मी म्हणाले, टोपली दाखवून सरकार ऐकत नसतं. बाबा परत मशीनकडे वळले.

अकराव्या दिवशी मावशी आली. त्याच सकाळी यादी लागली. नऊ नंबरचा ओटा माझ्या नावावर, व्यवसायाच्या रकान्यात ‘मासेविक्री’. सात दिवसांत आक्षेप घेता येईल, असं खाली छापलं होतं. मी अर्ज लिहून तयार ठेवला होता, म्हणून मला भीती नव्हती. मी मावशीला गाठायला पाळीवर गेले तेव्हा ती आपल्या जागेसमोर उभी होती. मासे आणलेलं घमेलं अजून डोक्यावर होतं.

“कोनं सरळ केली?”

कोणी माझं नाव घेतलं नाही. सगळ्या माझ्याकडे पाहत राहिल्या, तेवढं पुरेसं होतं.

“मी केली, मावशी. नाहीतर जागा गेली असती.”

तिने घमेलं खाली घेतलं. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मला उत्तर देता आलं असतं.

“आता?” तिने मोठ्या मायला विचारलं.

“आता काय. अर्ध्यातून उठवली टोपली. पुन्हा पालथी घाल, पुन्हा दहा दिवस.”

“आक्षेपाची मुदत सात दिवसांची आहे,” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. “चौकशीला माणूस येणार. तेव्हा मावशी इथे विकताना दिसली पाहिजे. दहा दिवस पाळत बसलात तर ओटा माझ्याच नावावर राहील, किंवा दुसऱ्याच कोणाला जाईल.”

“ते तू पाह्य. तूच बसली नं?”

“तुम्हाला तिची जागा जायला हवी आहे का?”

मोठी माय उठली. तिला उठायला वेळ लागला, आणि तेवढा वेळ सगळे थांबले.

“आयक. माझा मालक गेला तवा मी सोळा-सतरा वर्षांची होतो. त्या दहा दिवसांत दलालानं आपली बाई माझ्या जाग्यावर आणून बसवली. मंग माझ्या सासूनं न् बाकीच्यांनं हे ठरवलं. टोपली पालथी हाये, तिथं देव आला तरी बसत नाई. तवापासून ह्या ओळीतल्या एकाही बाईची जागा गेली नाई. तुझ्या कागदानं गेली.”

ज्याला मी अंधश्रद्धा म्हणत होते तो त्या बायांचा कायदा होता. बाळंतपणात, मरणात, आजारात गैरहजर असणाऱ्या बाईच्या बाजूने उभा राहणारा. सर्व्हेच्या टॅबमध्ये गैरहजर बाईसाठी एकच शब्द होता, आणि मी, कोणाची बाजू घ्यायची याची आपल्याला पक्की जाण आहे असं समजणारी, त्या टॅबच्या बाजूने जाऊन बसले होते.

मावशीने टोपली पालथी घातली. पण ती घरी गेली नाही. टोपलीच्या शेजारी, फरशीच्या ढिगाला पाठ लावून, मासे न मांडता बसून राहिली. मी तिच्याबरोबर नगरपरिषदेच्या कार्यालयात गेले, आक्षेप दिला. ‘मी मासे विकत नाही, ही जागा माझी नाही’ असं मी लिहून दिलं. बाबूने दोनदा वाचलं आणि म्हणाला, चौकशीत बाई धंदा करताना आढळली तर नाव बदलेल, नाहीतर ओटा प्रतीक्षायादीत जाईल.

चार दिवस ती तशीच आली आणि तशीच बसली. गिऱ्हाइकं विचारायची, “मावशी, आज काय हाये?” ती शेजारणीकडे बोट दाखवायची. आणलेलं काही नव्हतं, विकलेलं काही नव्हतं. मी रोज छापखान्याच्या दारातून पाहत होते. एका दुपारी मी खाली जाऊन म्हटलं, निदान टोपलीच्या पलीकडे, जागा सोडून दोन मासे मांड. ती म्हणाली, “तू नोको बोलू आता.” शिवी दिल्यासारखं नाही, थकल्यासारखं.

पाचव्या दिवशी चौकशीला अधिकारी आले. सर्व्हेवाल्यापेक्षा वयाने मोठे, करड्या आवाजाचे. हातात माझा फोटो असलेला कागद.

“आक्षेप कोणाचा?”

मावशीने हात वर केला.

“माल कुठे आहे तुमचा?”

“नाई.”

“मग विक्री करता कशावरून?”

माझ्या फोटोतही मासे नव्हते, आणि तेव्हा कोणी विचारलं नव्हतं. हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. एक पाय पायरीवर टाकलाही होता. खाली सतरा जणींपैकी एकीनेही माझ्याकडे पाहिलं नाही, आणि त्यामुळेच मी थांबले. दोन्ही हातांनी दाराची चौकट धरली.

“विचारतो आहे मी. टोपली पालथी का आहे?”

मावशीने टोपलीला हात लावला नाही. अधिकाऱ्यांनी पेनाचं टोपण काढलं.

तेव्हा मोठी माय पहिल्या जागेवरून उठली आणि ओळीच्या पुढून चालत नवव्या जागेपर्यंत आली. तिच्यामागे आणखी दोघी. तिने वाकून टोपलीची एक कड धरली.

“पाच दिस कमी हायेत,” मावशी हळूच म्हणाली.

“मोजता येते मले. माझ्या अंगावर ते.”

तिघींनी टोपली सरळ केली. मोठ्या मायने मागे न पाहता हात पसरला, आणि कोणीतरी त्या हातात एक रोहू दिला. मग दुसऱ्या कोणाची मरळ आली, कोणाचे ओंजळभर झिंगे. मावशी सरकून आपल्या जागेवर बसली. एक बाई दुसरीला ढकलून पुढे आली, ती खरंच गिऱ्हाईक होती, आणि म्हणाली, “मावशी, रोहू कापून देजो.” विळी आमच्या दाराआड होती. मी ती नेऊन दिली आणि लगेच मागे फिरले.

अधिकाऱ्यांनी फोटो काढला, अंगठा घेतला, माझ्या नावावर रेघ मारली.

मोठी माय त्या दिवसानंतर पाच दिवस पाळीवर आली नाही. मावशीचे कमी पडलेले दिवस ती घरी बसून पाळत होती, हे मला बाबांकडून कळलं. पहिल्या जागेवर तिची टोपली पालथी होती. मी जाता-येता त्या टोपलीला वळसा घालून जात होते.