घटस्थापनेला लावलेला कॅमेरा

नणंदेनं अमेरिकेहून पाठवलेला कॅमेरा घरी आला तो नेमका पितृपंधरवड्यात. लिंबाएवढा गोल, मागे लांबलचक वायर आणि सोबत एक सीडी. तो कॉम्प्युटरला जोडला की इंटरनेटवरून तिचं बाळ आम्हाला दिसणार, आम्ही तिला दिसणार. सासूबाईंना काचबिंदू झाला होता. नजर आता फार दिवस साथ देणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. त्याआधी नातवाचा चेहरा एकदा बघायचा, एवढंच त्यांचं मागणं. आणि लेकीला डोळ्यांबद्दल अवाक्षर सांगायचं नाही. "बाळंतीण आहे ती, उगाच जिवाला घोर नको," अशी आम्हाला सक्त ताकीद.

"मग आजच लावू की," मी म्हटलं.

"पक्षात नवी वस्तू लावत नाहीत. घटस्थापनेला लावू," सासूबाई म्हणाल्या.

इकडे डोळे चाललेत, आणि ह्यांना पंचांग सुचतंय! मी चडफडले. पण सदाशिव पेठेत सून कितीही शिकलेली असो, पंचांगापुढे तिचं काही चालत नाही.

घटस्थापनेला सकाळी कॅमेऱ्याला हळदकुंकू वाहिलं. काचेला लागू नये म्हणून मी डोळ्यांत तेल घालून उभी. मुहूर्त टळायला नको म्हणून सासूबाईंच्या हातून घाईघाईनं वायर खोचली. टिंग वाजलं. नवीन उपकरण सापडलं, असं पडद्यावर आलं. आम्ही टाळ्या वाजवतोय तोच दुसरी पाटी आली, की हे उपकरण अनोळखी आहे. शेजारी पिवळं उद्गारचिन्ह.

नवरा खराडीला सॉफ्टवेअर कंपनीत. त्याला विचारलं तर म्हणतो, "हे हार्डवेअर आहे. माझा विषय नाही." अरे वा! मग घरी कॉम्प्युटर कशाला आणलास, आरती ओवाळायला?

मी शाळेत विज्ञान शिकवायचे. एखादी गोष्ट का चालत नाही हे कळेपर्यंत मला अन्न गोड लागत नाही. वायर दुसऱ्या खाचेत घालून पाहिली. प्रिंटर काढून पाहिला. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला. पाटी तीच. सासूबाई रोज विचारायच्या, "ओळखलं का गं त्यानं?" आणि मला नाही म्हणावं लागायचं. मला फार वाईट वाटायचं.

शेवटी कॅमेरा शेजारणीकडे नेला. तिच्याकडे इंटरनेट नव्हतं, पण कॉम्प्युटर होता. तिथे कसली घाई नव्हती, म्हणून आधी सीडी चालवली, मग वायर जोडली. आणि काय सांगू, माझाच अवतार पडद्यावर! म्हणजे कॅमेरा ठणठणीत होता. मग इथे आणि तिथे फरक काय? फरक एवढाच, की घरी आम्ही मुहूर्त गाठायला आधी वायर खोचली होती, आणि कॅमेऱ्याची ओळख करून देणारी सीडी तशीच राहून गेली होती.

घरी येऊन सीडी चालवली. तरी अनोळखीच! आता मात्र मला गंमत वाटायला लागली. ह्याला सीडी मिळाली, कॅमेराही मिळाला, तरी हा बेटा मागचंच का घोकतोय? उपकरणांच्या यादीत शोधलं, तर पहिल्या दिवशीची ती अनोळखी नोंद तशीच होती. कॅमेरा लावला की हा तीच पुढे करायचा. मी ती पुसली, वायर काढली, कॉम्प्युटर नव्यानं सुरू केला. आधी सीडी, मग वायर. चित्र आलं. मी अक्षरशः ओरडले.

रविवारी सकाळी नणंद पडद्यावर आली, बाळाला मांडीवर घेऊन. चित्र अडखळत हलत होतं. सासूबाई पडद्याला नाक टेकेल इतक्या पुढे वाकल्या.

"आई, बघतेस कुठे? इकडे बघ ना!"

आता डोळ्यांचं बिंग फुटणार! पण सासूबाई कसल्या खमक्या! "अगं, ही कॅमेऱ्याची डबी बसवलीय वर आणि तू आहेस खाली. डबीकडे बघू की तुझ्याकडे?" नणंद हसली. मग सासूबाईंनी बाळाचं तोंडभर कौतुक केलं. "नाक अगदी माझ्यावर गेलंय हो, सरळ!" नणंदेचे डोळे भरून आले.

बोलणं संपलं. मी कॉम्प्युटर बंद केला. सासूबाई पदरानं चष्मा पुसत बसल्या होत्या.

"नाक खरंच माझ्यावर गेलंय ना गं?" त्यांनी मला हळूच विचारलं.