मागच्या काचेवरची लोकर

बाळांनो, तुमची आतेबहीण सांगलीच्या कॉलेजात गाडीभोवती हवा कशी वाहते ते शिकते. दसऱ्याला ती साताऱ्याला आली आणि आजोबांच्या जुन्या गाडीच्या मागच्या काचेवर तिने माझ्या लोकरीचे तुकडे चिकटवले. त्यांच्या वर, हवा काचेला धरून वाहावी म्हणून, स्वतः बनवलेली वाकवलेली पट्टी बसवली. गाडी पळताना तुकडे काचेला धरून राहिले तर पट्टी बरोबर. फडफडले तर सगळ्या सत्राचं काम वाया. दुसऱ्या दिवशी सरांना व्हिडिओ दाखवायचा होता.

हायवेवर आजोबा पुढे आणि आम्ही दोघी मागच्या गाडीत. ती चालवत होती, मी व्हिडिओ घ्यायला मोबाइल धरला होता. तुकडे नुसते नाचत होते. तिने फोन करून आजोबांना थांबवलं आणि पुढे जाऊन पाहिलं, तर बॉनेटवर झेंडूचा जाडजूड हार!

"आबा, हा कधी घातलात? हवा इथंच बिघडतेय. काढा आधी."

"निघताना घातला. दसऱ्याचा हार हाय, आज काढत न्हाईत."

"मग मी उद्या नापास झालेली चालेल?"

फौजेत ट्रक चालवलेले तुमचे आजोबा खाली उतरले. त्यांनी हार सोडवून कपाळाला लावला, शेजारच्या सीटवर ठेवला आणि वरून पट्टाही बांधला.

पुन्हा निघालो. वरचे तुकडे शांत झाले, पण खालची ओळ फडफडतच राहिली.

"जमलं का गं?" मी विचारलं.

"अर्धं. आज्जी, फोन हलवू नकोस."

मी फोन दोन्ही हातांनी धरून खालच्या ओळीवर रोखला.