व्याह्यांनी केलेला सत्कार

लढाई आमच्या उस्मानपुऱ्यात टीव्हीतून आली. आठवडाभर नुसती कुजबुज होती. मग एका सकाळी दूधवाल्यानेच सांगितलं, "मावशी, रात्री सुरू झाली बरं." त्या दिवसापासून घराघरांतून एकच गलका ऐकू येऊ लागला. टीव्हीवरची माणसं घसा फाडून ओरडत, मागे भोंगे वाजत, सकाळी पडलेलं शहर संध्याकाळी पुन्हा उभं असे आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे. खोटं कशाला बोलू, मीही त्यात होते. "घुसा म्हणावं आत, एकदाचं मिटवून टाका," असं मी शेजारणीला म्हणाले होते. माझा एकुलता एक मुलगा सीमेवर होता आणि तरी म्हणाले होते.

दुसऱ्या दिवसापासून त्याचा फोन लागेना. मग माझं तोंड बंद झालं.

त्याचा साखरपुडा नुकताच झाला होता. मुलगी दोन गल्ल्या पलीकडची. तिच्या वडिलांचं शहागंजात कापडाचं दुकान आहे. माणूस बोलका, गल्लीतल्या कुठल्याही कार्यक्रमात सगळ्यांच्या पुढे. नवरा गेल्यापासून मी एकटी. निवृत्त मास्तरीण, आडून बोलणारी नाही. तरी या माणसापुढे मी विरघळले होते. व्याही मिळावेत तर असे, असं मी चारचौघांत सांगत असे.

तेच व्याही दारात आले. "विहीणबाई, उद्या संध्याकाळी सत्कार ठेवलाय तुमचा. आख्खी गल्ली येणाराय."

"त्याचा फोन नाय हो. सत्कार कसला घेऊन बसलात?"

"म्हणून तर ठेवलाय. तुम्ही एकट्या नाय, हे कळू द्या लोकाला."

हे शेवटचं वाक्य मला लई गोड लागलं. मी गेले.

मारुतीच्या देवळासमोर मांडव होता. माझ्या शेजारच्या खुर्चीवर मुलाचा वर्दीतला फोटो मोठा करून ठेवला होता. घोषणा झाल्या, व्याह्यांचं भाषण झालं, "माझा जावई" म्हणताना त्यांचा आवाजही भरून आला. मला शाल, नारळ दिला. आणि मग, सत्कारमूर्ती हजर नाही तर हार कुणाला घालायचा म्हणून, व्याह्यांनी तो झेंडूचा हार सरळ फोटोला घातला. टाळ्यांचा कडकडाट झाला. जित्या माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी उठून तो काढायला हवा होता. चारशे डोळे माझ्याकडे लागलेले, मी पदर तोंडाला लावून बसून राहिले. लोकांना वाटलं, अभिमानाने भरून आलं.

ते छायाचित्र मोबाइलवरून गावोगाव गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दारासमोर जीप थांबली आणि माझी थोरली जाऊ कन्नडहून पाच बायका घेऊन, ऊर बडवत उतरली. हातात फडक्यात बांधलेलं पिठलं-भाकरी. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून नातेवाइकांनी आणायचं जेवण. आमच्याकडे त्याला कडू घास म्हणतात.

"अगं, आम्हाला कळवलं बी नाय गं तू!" म्हणत ती माझ्या गळ्यात पडली.

मी तिला ढकललं. ओरडले. पण पाच बायका रडत असल्या की आपलं ओरडणं आपल्यालाच पटेनासं होतं. यांना काहीतरी कळलंय, मलाच सांगत नाहीत, असं वाटून मी उंबऱ्यात बसले ते दुपारपर्यंत उठलेच नाही. दुपारी फोन वाजला. "आई, जेवलीस का?" मी एवढंच विचारलं, "तू आहेस ना?" तो हसला. मला हसू आलं नाही.

थोड्याच दिवसांत लढाई थांबली, जशी सुरू झाली तशीच, आपल्याला न विचारता. मुलगा सुट्टीवर आला. धडधाकट आला. लग्नाची तारीख निघाली आणि आम्ही बस्ता बांधायला, म्हणजे लग्नाचे कपडे घ्यायला, व्याह्यांच्याच दुकानात गेलो. गादीवर शालूंचा ढीग पडला होता. मुलगा आणि होणारी सून एक निळा शालू उलगडून बघत होते.

जाऊ सोबत होती. ती तिच्या धाकट्यासाठी स्थळ शोधते, वधू-वरांच्या दहा ग्रुपांत आहे. तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. "ही आपलीच सून ना गं? हिचा बायोडाटा इथं कसा?"

फोटो साखरपुड्याचाच होता. मुलीच्या शेजारचा माणूस कापून टाकलेला, पण कडेला माझ्या मुलाचा अर्धा खांदा राहून गेला होता. खाली व्याह्यांचा नंबर. वर तारीख होती सत्काराच्या दिवसाची, सकाळची.

मी मोबाइल व्याह्यांपुढे ठेवला.

"विहीणबाई, पोराचा फोन नव्हता. टीव्हीवर काय चाललं होतं ते तुम्ही बी बघत होता. मुलीचा बाप काय करंल?"

"सकाळी दुसरा जावई शोधायला लागला, अन् संध्याकाळी माझ्या पोराच्या नावानं घोषणा?"

"ते देशाचं होतं," ते हळू आवाजात म्हणाले. "हे घरचं."

मुलीच्या हातातला शालू गळून पडला. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. माझ्या जिभेवर शिव्या आल्या होत्या. पण मुलगा आधी बोलला, आणि शांतपणे बोलला.

"मामा, पुढं जायच्या आधी आमच्याकडून लिहून घेतात. काय बरंवाईट झालं तर पहिला फोन कुणाला करायचा ते. आई एकटी असती, तिला फोनवर असं ऐकायला लागू नये, म्हणून मी तुमचा नंबर दिला होता. म्हटलं, तुम्ही जाऊन तिच्याजवळ बसाल."

व्याही खाली पडलेला शालू उचलून त्याची घडी घालू लागले.

"आई, ऊठ," मुलगा म्हणाला. "तो नंबर आता बदलावा लागंल."